ते बक्षीसपत्र नव्हतं

विनूचा फोन आला तेव्हा मी तो उचलला नाही. वर्ध्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होतो, एका फेरफाराच्या प्रकरणात पुढची तारीख घ्यायची होती, हातात चहाचा ग्लास होता. मोबाइलवर त्याचं नाव दिसलं, तसा मी बटण दाबून आवाज बंद केला आणि फोन कोटाच्या खिशात टाकला. त्या दिवशीच असं केलं म्हणावं तर तेही नाही. गेली काही वर्षं मी हेच करत आलो होतो. दोन-तीनदा वाजू द्यायचा, मग कधीतरी उचलून "अरे, कोर्टात होतो" म्हणायचं. तोही बिचारा "हाव ना, मोठा मानूस तू" म्हणून हसायचा. त्या दिवशी फोन खिशात पुन्हा पुन्हा थरथरत राहिला. दुपारी बाररूममध्ये बसल्यावर मी उचलला, तर पलीकडे विनूचा धाकटा भाऊ प्रशांत होता. म्हणाला, "विनूदादा गेला जी. सकाळी दुकान उघडता उघडता खालीच बसला. सगळ्यायचे नंबर त्याच्याच फोनात आहे, म्हणून याच्यावरून लावून राह्यलो तुमाले..." म्हणजे ज्याचा फोन मी टाळत होतो, तो माणूस तेव्हा या जगात नव्हता. मी त्याच्या मरणाचीच बातमी टाळत होतो.

या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. विनायकवर कुणी चार ओळी लिहाव्यात असा तो मोठा माणूस नव्हता. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी त्यांचं सरकी-ढेपीचं दुकान. वडील व्यापारात, काका व्यापारात, आणि हा शाळेपासून माझ्या बाकावर. गणितात माझ्या पुढे आणि इंग्रजीत आम्ही दोघंही सारखेच मागे. पुढे वर्ध्याला सायन्सला सोबत होतो, पॅसेंजरनं सोबत ये-जा केली. मग मी कायद्याच्या शिक्षणासाठी नागपूरला गेलो आणि तो दुकानाच्या गादीवर बसला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यानं नागपुरातून एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला, आणि ढेपीच्या पोत्यांमागच्या खोलीत तो मांडला. त्यावरून घरात झालेलं रामायण मी पाहिलं आहे. त्याचे वडील मला म्हणाले होते, "वकील, तू सांग याले. ढेप म्हशी तरी खातात. हा डबा कोन खाते?"

त्या डब्यावर विनूनं जे केलं ते मला सुरुवातीला पोरखेळ वाटलं होतं. सिंदीच्या बाजूला जिनिंग आहेत, कापसातून सरकी काढणारे कारखाने. कापसाच्या गाड्या काट्यावर येतात, वजन होतं आणि शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी पडते. ती पट्टी तोवर हाताने खरडलेली असायची. कॉम्प्युटर आले तशी ती इंग्रजीत छापून यायला लागली. विनूचं म्हणणं एवढंच होतं, की ज्याचा कापूस आहे त्याला पट्टीवरचं स्वतःचं नाव वाचता आलं पाहिजे. त्यानं काट्याचा प्रोग्राम लिहिला. सगळा स्वतः लिहिला, अडला तो फक्त अक्षरांपाशी. त्या करकरणाऱ्या, टाचण्यांनी ठिपके उमटवणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी अक्षरं नीट उमटत नव्हती. मग नागपूरच्या मासिकाच्या दुकानातून आणलेल्या एका सीडीत त्याला ते काम केलेलं सापडलं. कुठल्या कुठल्या गावांतल्या पाच-पंचवीस पोरांनी मिळून, एकमेकांना न बघता, इंटरनेटवरून जमवलेलं. फुकट आणि उघडं. वापरा, बदला, वाटा. फक्त सोबत एक लायसन होतं.

अक्षरं आली, पण वऱ्हाडे आडनावाचा एक शेतकरी पट्टी घेऊन परत आला. त्याच्या नावातला ऱ्ह फुटून तीन ठिकाणी पडला होता. "हे माह्यं नाव आहे का माह्या नावाचा अपघात?" तो म्हणाला म्हणे. विनू आठवडाभर त्या एका जोडाक्षरामागे लागला. दुरुस्त केलं, आणि ते त्या पोरांना पाठवून दिलं. त्यांनी ते आनंदानं घेतलं, आणि काम करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घातलं. नावापुढे गाव, सिंदी रेल्वे. त्या दिवशी तो वर्ध्याला माझ्या ऑफिसात पेढे घेऊन आला होता. मी विचारलं, "किती मिळाले?" तर माझ्याकडे असा बघत राहिला, की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटावी. "अबे, नाव आलं ना सिंदीचं," एवढंच बोलला. ती पोरं त्याला विनायककाका म्हणायची. एकालाही त्यानं कधी पाहिलं नाही, पण घरातल्या पुतण्यांबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलायचा. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न... सगळं त्याला ठाऊक.

लायसनची अट अशी होती, की त्यांची अक्षरं घालून केलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला, तर प्रोग्रामचा मूळ मजकूरही, म्हणजे तो ज्या ओळींनी लिहिला त्या सगळ्या ओळी, सोबत द्यायचा, आणि घेणाऱ्यालाही तीच मोकळीक द्यायची. विनू ते इमानानं पाळायचा. ज्या ज्या जिनिंगला प्रोग्राम बसवून दिला, तिथे सोबत मूळ मजकुराची सीडी. जिनिंगवाल्यांना त्याचं काय करायचं ते कळेना. एका मॅनेजरनं त्या सीडीला दोरा बांधून ती काट्याच्या खोलीच्या खिडकीत टांगली. कबुतरं बसत नाहीत म्हणाला. मला वाटलं विनूला राग येईल. तो खो खो हसला. "अटीप्रमानं आपन देल्ली. आता त्यानं कबुतरं हाकलली तर माह्यं काय जाते!"

मग नागपूरची एक कंपनी आली. तिला हा प्रोग्राम विदर्भातल्या सगळ्या जिनिंगना विकायचा होता, मूळ मजकुराला कुलूप लावून, स्वतःच्या नावानं. विनूला त्या नावाचं काही नव्हतं. आष्टीपासून पार वणीपर्यंत पट्ट्या मराठीत निघतील, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. कंपनीला एक प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं, की प्रोग्राम सर्वस्वी त्यानं स्वतः तयार केला आहे आणि त्यात दुसऱ्या कुणाचाही हक्क गुंतलेला नाही. ते घेऊन तो माझ्याकडे आला. सोबत त्या लायसनची छापील पानं होती, त्याच्या त्याच प्रिंटरवर काढलेली, कडेला भोकं असलेली, एकाला एक जोडलेली लांबच लांब कागदपट्टी. माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला, "पूर्न माह्यं नाई आहे हे. अक्षरं त्यायची आहे, त्यात थोडं माह्यं आहे. मले असं समजते, का हा पांधन रस्ता आहे. तू चाल, तुह्यी बंडी ने, पन काटे टाकून बंद नोको करू. मंग हे सही करता येते का मले? तू वाच आन सांग. घाई नाई."

पांधण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी सगळ्यांची वाट. तिच्यावरचे खटले तर मी रोज चालवत होतो. तो माझ्याच भाषेत मला विचारत होता... आणि मी ती पानं ड्रॉवरमध्ये टाकली.

वाचली नाहीत. एकदा उघडली होती. पहिल्याच पानावरचं ते इंग्रजी आपल्या अर्जा-दाव्यांचं नव्हतं. कलमं आपल्या कायद्याची नव्हती, कोर्ट कुठलं ते कळत नव्हतं. कॉपीराइटचा कायदा मी परीक्षेपुरता वाचला होता आणि परीक्षेनंतर मिटला होता. कुणाला विचारावं, तर आमच्या बाररूममध्ये विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे जाहीर करणं. आणि पक्षकारासमोर 'मला माहीत नाही' हे वाक्य आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. ते सीनियर शिकवत नाहीत; त्यांच्या तोंडून आम्ही ते कधी ऐकलेलंच नसतं. पक्षकार शेतातून बस धरून येतो, त्याला काहीतरी ठाम देऊन पाठवायचं असतं. विनू दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा मी खुर्चीत मागे रेललो आणि विचारलं, "त्यांनी फुकट दिलं ना तुला?"

"हाव."

"पैसे नाही, मोबदला नाही, आणि तू ते घेतलंस. मग हे सरळ बक्षीसपत्र आहे. बक्षीस दिलं, स्वीकारलं, ताबा आला, की मालकी तुझी. दिल्यावर मागून अटी लावता येत नसतात. कर सही."

तो जरा घुटमळला. "पन ते पांधनीचं..."

"पांधण गावनकाशात असते विन्या. ही कुठे आहे नकाशात?"

त्याला हसू आलं. मलाही माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं. त्याच दुपारी नोटरीसमोर त्यानं सही केली, आणि प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला मी ओळखतो म्हणून खाली मी सही केली. परतताना तो स्टेशनवरून माझ्यासाठी संत्री घेऊन आला, फीचं नाव काढायचं नाही हे आमचं ठरलेलंच होतं.

वर्षभर बरं गेलं. पट्ट्या खरोखर गावोगाव मराठीत निघायला लागल्या. पुलगावजवळच्या नाचणगावात माझ्या मामेभावानं मला त्याची पट्टी कौतुकानं दाखवली, तेव्हा मी "आमच्या विनूचं काम" म्हणून मिरवलोसुद्धा. मग त्या पोरांतल्या एकाला कुठेतरी तीच पट्टी दिसली. तो दुरुस्त केलेला ऱ्ह त्यानं ओळखला असणार. त्याचा विनूला मेल आला. भांडणाचा नव्हे, अगदी अदबीचा. काका, कंपनीच्या प्रोग्राममध्ये आपली अक्षरं दिसतात, मूळ मजकूर कुठे मिळेल? विनूनं तो मेल मला फोनवर वाचून दाखवला. 'आपली' हा शब्द त्यानं दोनदा वाचला.

त्यानं कंपनीला विचारलं, मजकूर उघडा करता येईल का. कंपनीनं त्याचंच प्रतिज्ञापत्र त्याच्यापुढे ठेवलं. तुम्हीच लिहून दिलं आहे की सगळं तुमचं. आता दुसऱ्या कुणाचं निघालं, तर जबाबदार तुम्ही, आणि मजकूर परस्पर उघडा केला तरी जबाबदार तुम्हीच. म्हणजे इकडे शपथ आणि तिकडे शब्द. एक पाळावा तर दुसरा मोडणार. तेव्हा तो पुन्हा माझ्याकडे आला. समोरच्या खुर्चीत नेहमीसारखा न बसता उभाच राहिला आणि म्हणाला, "तू ते लायसन पूर्न वाचलं होतं ना?"

मी म्हणालो, "शब्द न शब्द."

"मंग ठीक आहे," तो म्हणाला. "तू वाचलं म्हनतं तर कायदाच तसा असन. मलेच समजलं नसन." आणि खरंच बसला, चहा घेतला. त्यानं माझ्यावर संशय घेतला असता, शिवी दिली असती, तर मी कदाचित तिथेच कबूल केलं असतं. पण तो स्वतःच्याच समजण्यावर संशय घेऊन उठून गेला. त्या दिवसानंतर मी त्याचे फोन टाळायला लागलो.

त्यापुढची दोन वर्षं विनू सल्ला शोधत हिंडला. खात्रीचा, एकच, सरळ सल्ला. नागपूरला हायकोर्टातल्या एका बड्या वकिलांकडे गेला, त्यांनी विचारलं, "ट्रेडमार्कचं आहे का पेटंटचं?" दोन्हीचं नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग काही नाही. पुण्याच्या एका सल्लागारानं फोनवर सांगितलं की सगळं ताबडतोब बंद करा, नाहीतर तुरुंगात जाल. तिसऱ्यानं हसून विचारलं, अहो, ती पोरं काय वर्ध्यात येऊन दावा लावणार आहेत का? झोपा निवांत. हे मला सांगताना विनू म्हणाला होता, "दावा नाई लावनार म्हनून तर झोप नाई येत बे. लावला असता तर जजनं तरी सांगतलं असतं का नाई, कोनाचं काय आहे ते!" इंटरनेटवरही तो विचारायचा. तिथे लोक मोठी मोठी उत्तरं द्यायचे, पण प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला लिहिलेलं असायचं की मी वकील नाही. त्याचं त्याला भारी हसू यायचं. एकदा बजाज चौकात भेटला तेव्हा म्हणाला, "पाहाय ना, ज्यायले हे समजते ते सगळे म्हनतात आम्ही वकील नाई. आन जे वकील आहे..." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रसवंतीत घेऊन गेला.

शेवटी त्यानं त्याला सुचलं तेवढं केलं. कंपनीचं काम करणं बंद केलं. प्रोग्रामात काही बिघडलं की तिचे लोक फोन करायचे, हा उचलायचा नाही. हळूहळू कंपनीनं तो प्रोग्राम बाजूला काढून स्वतःचा आणला, इंग्रजीतला. आणि पट्ट्या पुन्हा इंग्रजीत निघायला लागल्या. त्या पोरांना त्यानं एक माफीचं पत्र लिहिलं. त्यांनी त्याला एका शब्दानंही दोष दिला नाही, उलट परत या म्हणाले. पण हा गेला नाही. यादीतलं आपलं नाव काढा म्हणून त्यानंच त्यांना कळवलं. ते मला वंदनावहिनींनी, त्याच्या बायकोनं, सांगितलं. म्हणाल्या, "त्या दिवशी जेवले नाई. मी म्हटलं, काऊन, कोन गेलं? तं म्हने कोनी नाई. सिंदीचं नाव काढलं आज." त्यानंतर तो पूर्णवेळ ढेपीच्या दुकानात बसला. वडिलांचं ऐकलं म्हणून लोकांनी त्याचं कौतुक केलं.

तो गेल्यावर, स्मशानातून आलो त्या रात्री नव्हे, त्यानंतरच्या रविवारी, मी ते लायसन नव्यानं मिळवलं, ड्रॉवरमधली पानं केव्हाच हरवली होती, आणि शब्दकोश घेऊन वाचलं. अवघड होतं, पण आपल्या खरेदीखतांपेक्षा अवघड नव्हतं. त्यात विनूचा प्रश्न जवळजवळ त्याच्याच शब्दांत होता. दुसऱ्या कुणाशी केलेल्या करारामुळे या अटी पाळता येत नसतील, तर प्रोग्राम वाटूच नका, असं तिथे स्वच्छ म्हटलं आहे. सही करण्याआधी कुणी एवढं वाचून सांगितलं असतं, तरी पुरे होतं. त्यानं कंपनीला नाही म्हटलं असतं, किंवा उघडं ठेवून घ्या म्हटलं असतं. पांधणच होती ती. त्याला बरोबर समजलं होतं... आणि ते चूक आहे, असं मी त्याला वकिलाच्या आवाजात सांगितलं होतं.

तेरवीला सिंदीला गेलो. पंगत उठल्यावर वंदनावहिनींनी मला पोत्यांमागच्या खोलीत बोलावलं. प्रिंटरवर टॉवेल टाकलेला होता, त्याचाच, निळ्या काठाचा. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारायचं होतं. आष्टीकडून एका जिनिंगवाल्याचा फोन आलता. त्याले ह्यायचा तो जुना प्रोग्राम पाहिजे, मराठीचा. फुकट द्याले काई नाई, पन देता येते का? कायद्यानं? ते कंपनीचं, त्या पोरायचं... तुमाले सगळं माहीत आहे म्हने. हे सांगायचे, वकिलानं शब्द न शब्द वाचला."

माझ्याजवळ आता वाचलेलं होतं. पण ते प्रतिज्ञापत्र अजून कंपनीकडे आहे, कंपनीशी केलेल्या करारात माणूस गेल्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही, वारसावर काय येतं ते ठाऊक नाही. मी म्हणालो, "वहिनी, मला माहीत नाही." आणि मग तेही सांगितलं, की तेव्हाही माहीत नव्हतं. मी वाचलंच नव्हतं.

त्या टॉवेलाची घडी सारखी करत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा जा म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता कोनाले विचारायचं?"

मी विचारलं, की मूळ मजकूर तरी आहे का. तर कॉम्प्युटर मागच्या उन्हाळ्यातच बंद पडलेला, आतलं सगळं गेलं होतं. सीड्या त्यानंच कधीतरी फेकल्या होत्या. तेव्हा मला ती खिडकी आठवली. प्रशांतच्या मागे मोटारसायकलवर बसून मी त्या जिनिंगवर गेलो. हंगाम संपला होता, आवारात सरकीचा वास आणि कुत्री. सीडी तिथेच होती, त्याच दोऱ्याला. मॅनेजर नवा होता, त्याला ती कुणाची ते माहीत नव्हतं. घेऊन जा म्हणाला. मी स्टुलावर चढून हातात घेतली. इतक्या वर्षांच्या उन्हानं तिच्यावरची चकाकी जागोजागी उडाली होती, आरपार दिसत होतं; कुठल्याही कॉम्प्युटरला ती आता वाचता येणार नव्हती. कडेला विनूच्या हातचं, स्केचपेननं लिहिलेलं, फिकट पण वाचता येणारं: 'कुणीही घ्यावे, पुढे द्यावे.'

प्रशांत खालून म्हणाला, "चालन का जी हे?"

मी तिचा दोरा सोडत होतो, तो पुन्हा बांधला. खाली उतरेपर्यंत ती हळूहळू फिरत राहिली, आणि समोरच्या पत्र्यावर बसायला आलेली कबुतरं दचकून दुसरीकडे गेली.